सिलिंडरमध्ये मोजणारी मावशी

नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात सकाळी कोथिंबिरीच्या जुड्या आपोआप जाड व्हायच्या. मेथी ताठ उभी राहायची आणि भाजीवाल्यांचे काटे शून्यावर येऊन श्वास रोखून धरायचे. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. खोटं वाटत असेल तर पंचवटीतल्या कुठल्याही भाजीवाल्याला विचारा. तो आधी इकडेतिकडे बघेल आणि मग हळूच तुम्हालाच विचारेल, "आल्या का त्या?"

त्या म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. हिरावाडीत त्यांचं दुमजली घर. खाली त्या एकट्या, वर भाड्याने मी आणि माझी बायको सुजाता. सगळी गल्ली त्यांना मावशी म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. उंची पाच फूट, आणि त्यातही अंबाड्याचा वाटा मोठा. आवाज मात्र असा, की त्यांनी गच्चीवरून दूधवाल्याला हाक मारली की तिकडे म्हसरूळला म्हशी पान्हा सोडायच्या.

मावशींची उभी नोकरी वजन-मापे खात्यात गेली, पण टेबलावर. बाजारात जाऊन काटे तपासायचं भाग्य दुसऱ्यांचं. मावशी जन्मभर त्याचे कागद इकडून तिकडे सरकवत राहिल्या. ती सगळी तुंबलेली हौस निवृत्तीनंतर फुटली. लोक निवृत्तीच्या पैशातून चारधाम करतात. यांनी पहिल्यांदा दुकानात जाऊन शिक्क्याचं एक किलोचं लोखंडी वजन विकत घेतलं आणि पर्समध्ये ठेवलं. ते त्यांचं बाळ. भाजी घेण्याआधी त्या म्हणायच्या, "भाऊ, आधी माझं बाळ ठेवा बरं काट्यावर." काट्याने एक किलो साठ ग्रॅम दाखवले की मावशी भाजीवाल्याचं जाहीर अभिनंदन करायच्या. "काय हात आहे हो तुमचा! घरून निघताना एक किलोचं होतं. तुमच्याकडे येताच बाळसं धरलंन!"

एकदा रामकुंडाजवळ एका चोरट्याने ती पर्स हिसकावली. हिसक्यासरशी पर्सने असा काही झोका घेतला, की तो गडी स्वतःभोवती गरकन फिरला आणि पुन्हा मावशींच्या समोर येऊन उभा राहिला. मावशींनी पर्स काढून घेतली आणि कळवळून म्हणाल्या, "अरे, उचलायच्या आधी अंदाज तर घ्यायचास!" गल्लीत ही गोष्ट सांगतात तेव्हा वजन पाच किलोचं असतं. मी प्रामाणिक माणूस आहे, मी दोनच सांगतो.

मावशींना रुपया कळत नसे. म्हणजे, त्यांचं म्हणणं असं की रुपया कुणालाच कळत नाही. "रुपया हा नुसता आकडा. तो उचलावा लागत नाही. सिलिंडर उचलावा लागतो." म्हणून त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूची किंमत गॅसच्या सिलिंडरमध्ये चाले. मी नवा मोबाईल घेतला तेव्हा त्या जिन्यातच आडव्या आल्या.

"कितीला घेतलात, जावईबापू?"

सुजाताला त्यांनी परस्पर भाची करून टाकलं होतं, त्यामुळे मी जावई. मानपान जावयाचा, भाडं मात्र पाच तारखेच्या आत.

मी किंमत सांगितली. मावशींनी डोळे मिटले, ओठ हलवले, आणि एकदम किंचाळल्या, "सुजे! अगं, ह्यांच्या खिशात तीस सिलिंडर आहेत! गॅसच्या शेगडीजवळ फिरकू देऊ नकोस!"

त्या दिवसापासून मोबाईल खिशात ठेवला की माझी पँट एका बाजूला झुकते. डॉक्टर म्हणतात, मणक्याचा प्रॉब्लेम आहे. डॉक्टरांना काय कळतंय?

त्यांचा एक जन्माचा वैरी होता. 'फक्त' हा शब्द. फक्त नऊशे नव्व्याण्णव. फक्त तीन दिवस. दरमहा फक्त अमुक. "ज्या आकड्यापुढे 'फक्त' उभा असतो ना, त्या आकड्याच्या मागे जाऊन बघायचं. मागे कुणीतरी लपलेलं असतंच." मेन रोडवरच्या एका साडीच्या दुकानाबाहेर 'पन्नास टक्के अधिक वीस टक्के सूट, फक्त आज' अशी पाटी लागली, तेव्हा मावशी ज्या चालीने आत शिरल्या, ती चाल मी फक्त लग्नात वरमाईची पाहिली आहे.

"किती सूट?" मावशी.

"सत्तर टक्के, मावशी."

"हजाराची साडी आहे. पन्नास टक्के काढा. किती उरले?"

"पाचशे."

"आता वीस टक्के कशावर?"

दुकानदाराने डोकं खाजवलं. "पाचशेवर."

"म्हणजे शंभर. हातात आले चारशे. सूट साठ टक्के झाली. सत्तर असती तर तीनशेला पडली असती. हे वरचे शंभर रुपये कुणाच्या पदराला बांधलेत?"

आत साड्या निवडणाऱ्या सगळ्या बायकांनी हातातल्या साड्या खाली ठेवल्या आणि तोंडाने हिशेब सुरू केला. मधमाश्यांचं पोळं उठावं तसा आवाज. संध्याकाळी पाटी उतरली आणि 'साठ टक्के सूट' अशी नवी पाटी लागली. आणि गंमत म्हणजे दुकान दुप्पट चाललं! मावशींनी मग स्वतः दोन साड्या घेतल्या. "बरोबर लिहिलेल्या गोष्टीला गिऱ्हाईक मिळालं पाहिजे," हे त्यांचं कारण. साडी जांभळी होती हे खरं कारण.

आता कुणाला वाटेल, बाई कधी चुकतच नव्हती. छे! लासलगावला कांदा स्वस्त मिळतो म्हणून त्या एकदा एसटीच्या अर्ध्या तिकिटात तिकडे गेल्या. येताना गोणीसाठी हमाल, हमालाला चहा, स्टँडपासून रिक्षा, आणि रिक्षावाला फाटकापाशी नडला म्हणून वरचे पैसे. मी संधी साधून हिशेब मांडला आणि दाखवलं, की हा कांदा नाशिकपेक्षा महाग पडला. मावशींनी अत्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

"जावईबापू, प्रवासाचा खर्च कांद्यावर कशाला टाकता? तो सहलीवर टाका. सहल थोडी महाग पडली. कांदा स्वस्तच पडला."

मी मान डोलावून हिशेबाचा कागद खिशात घातला.

तर अशा बाईला आम्ही आमचं घर बघायला बरोबर नेलं. खरं म्हणजे नेलं नाही. आम्ही गपचूप निघालो होतो. मावशी फाटकापाशी जांभळी साडी नेसून, पर्स घेऊन तयार उभ्या होत्या. गल्लीत गुपित राहत नाही.

हे घर म्हणजे सुजाताचा जीव होता. तिच्या वडिलांची बदलीची नोकरी. लहानपणी दर दोन-तीन वर्षांनी सामान टेम्पोत. भिंतीला खिळा ठोकायचा तरी दुसऱ्याला विचारायचं, हे तिच्या मनात खोल जाऊन बसलं होतं. मी सातपूरला कंपनीत, ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये. तिने काटकसर करून पैसे साठवले होते, आणि उरलेल्यासाठी लग्नातल्या पाटल्या मोडल्या होत्या. त्या सगळ्याचा मिळून दोन लाखांचा चेक तिच्या पर्समध्ये होता. बुकिंगचा. एकदा दिला की परत नाही, असं छापील अटीतच होतं. आणि संध्याकाळी सहाच्या आत दिला तर किमतीत एक लाखाची सूट.

म्हसरूळच्या पुढे, दिंडोरी रोडला ती स्कीम. बारा मजल्यांचं चित्र आणि खड्डा. पण खड्ड्याशेजारी सॅम्पल फ्लॅट असा काही सजवला होता, की दारातून आत पाऊल टाकताच सुजाताचे डोळे भरून आले. गुलाबी उजेड, भिंतीएवढा आरसा, बेडरूममध्ये मखमली पलंग. टाय लावलेला सेल्सवाला पुढे झाला. "या सर, या मॅडम, या आंटी."

आंटी म्हटल्यावर मावशींच्या अंबाड्यातली एक पिन आपोआप उडाली. पण त्या खाली फरशीकडे बघत, ओठ हलवत, हॉलमधून किचनमध्ये, किचनमधून बेडरूममध्ये चालत राहिल्या.

"आंटी, काही हरवलंय का?"

"हो. तीनशे फूट हरवलेत. तुम्ही नऊशे फुटांचा भाव सांगताय. तुमची फरशी दोन फुटी आहे. मी मोजत आले. सहाशेच्या वर काही भरत नाही."

"आंटी, नऊशे सेलेबल आहे. त्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळं धरतात. कार्पेट, म्हणजे आतली वापरायची जागा, सहाशेच."

"म्हणजे जिन्यात झोपायची सोय आहे?"

"नाही..."

"मग अठ्ठेचाळीस लाख भागिले सहाशे करा. आठ हजार रुपये फूट. कागदावर तुम्ही पाच हजार तीनशे लिहिलंय. ते कमी दिसावं म्हणून जिना आमच्या गळ्यात!"

सुजाताने माझा दंड असा चिमटला की ती खूण मी अजून दाखवू शकतो. "मावशींना बाहेर न्या," ती दातांतून म्हणाली. पण तोवर मावशी बेडरूममध्ये पोचल्या होत्या. त्यांनी चपला काढल्या, पर्स उशाशी ठेवली, पदर नीट केला, आणि सरळ त्या मखमली पलंगावर आडव्या झाल्या.

"आंटी! आंटी, तो डिस्प्लेचा आहे!"

"सुजे, इकडे ये. माझे पाय बघ."

मावशींच्या टाचा पलंगाच्या बाहेर होत्या.

"माझी उंची पाच फूट. मी बाहेर येतेय, तर पलंग किती? पावणेपाच धर. तुझ्या बापाने दिलेला सागवानी पलंग सव्वासहा फुटांचा आहे. तो वर चढवताना माझ्या जिन्याचा टवका उडालाय, म्हणून मला पाठ आहे. तो इथे ठेवलास तर कपाट उघडायचं नाही. कपाट ठेवलंस तर दार उघडायचं नाही. म्हणून तर इथे दारच लावलेलं नाही, बघ!"

खरंच की! सगळ्या फ्लॅटमध्ये एकाही खोलीला दार नव्हतं. पडदे होते. आणि पलंग, सोफा, जेवणाचं टेबल, सगळं लहान मापाचं बनवून घेतलेलं. खोली मोठी दिसावी म्हणून.

इतक्यात दिंडोरीकडचं एक जोडपं आत आलं. द्राक्षबागायतदार, मुलीच्या कॉलेजसाठी नाशकात घर बघत होते. बाबा चांगले सहा फुटी, डोक्यावर टोपी. त्यांनी पलंगाकडे पाहिलं.

"आवं, ही खाट लेकराची हाय का?"

"मास्टर बेड आहे, काका," सेल्सवाला.

"तुमी निजून बघा की," त्यांची बायको म्हणाली. मावशींनी तत्परतेने जागा करून दिली. बाबा आडवे झाले. गुडघ्यापासून खालचे पाय थेट पॅसेजमध्ये.

"लय आखूड हाय राव! आमचं वासरू बी मावायचं नाय."

मग काय विचारता! बाहेर ब्रोशर चाळत बसलेली माणसं आत आली. जो तो निजून बघायला लागला. रांग दारातून बाहेर, तिथून खड्ड्याला वळसा घालून पार दिंडोरी रोडपर्यंत. वणीची एसटी थांबली आणि कंडक्टरने विचारलं, दर्शन कुणाचं आहे? एक आजोबा तर निजले ते घोरायलाच लागले. मॅनेजर धावत आला. "पलंग आम्ही देत नाही, मॅडम! तो नुसता कल्पना यावी म्हणून ठेवलाय!"

"आली की कल्पना!" मावशी म्हणाल्या.

सगळे हसले. सुजाता हसली नाही. तिचा चेहरा लाल झाला होता. ती भर गर्दीत म्हणाली, "बस झालं, मावशी. मला कळतंय सगळं. आम्ही गेलो तर तुमचं भाडं बुडेल, म्हणून चाललंय हे."

 घोरणारे आजोबासुद्धा उठून बसले. मला वाटलं, संपलं. आता पाच तारखेचं भाडं राहिलं बाजूला, आजच सामान टेम्पोत.

मावशी सुजाताकडे वळल्या. आणि मग त्यांचा चेहरा असा उजळला, की गुलाबी दिवे फिके पडले.

"शाब्बास!" त्यांनी सुजाताच्या पाठीत असा धपाटा घातला की ती दोन फरश्या पुढे गेली. "शाब्बास गं! इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरोबर प्रश्न विचारलास! कुणी सल्ला दिला की आधी त्याचा फायदा कशात आहे ते काढायचं. माझा फायदा आहेच, अकरा हजार महिना. ह्या टायवाल्याचाही आहे. आता तुझा फायदा कुणाच्या बाजूला पडतो, ते आकड्यांना विचारू. मला विचारू नकोस, त्यालाही विचारू नकोस. अहो, हप्ता किती म्हणालात?"

"वीस वर्षं... फक्त चौतीस हजार सातशे," सेल्सवाला म्हणाला, आणि 'फक्त' तोंडातून गेल्याचं लक्षात येऊन त्याने जीभ चावली.

"कर्ज चाळीस लाख, व्याज साडेआठ टक्के. सुजे, वर्षाचं व्याज तूच काढ. मी नाही सांगणार."

सुजाताने डोळे पुसले. ती रागात होती, आणि राग आला की तिचं गणित चांगलं चालतं. "तीन लाख चाळीस हजार."

"महिन्याचं?"

"अठ्ठावीस हजार..." ती थांबली. "अठ्ठावीस हजार तीनशे."

"मग पहिल्या हप्त्यातले घरासाठी किती गेले?"

"सहा हजार चारशे." ती पुटपुटली. "बाकी सगळं व्याज."

"म्हणजे तेही भाडंच. मला अकरा देतेस, बँकेला अठ्ठावीस देशील. पुढे व्याज उतरत जातं, नाही असं नाही. पण उतरायला वर्षं लागतात. हप्ता भरायची ताकद आहे ना तुमची? मग समजा भरताय. मला अकरा द्या, आणि उरलेले तेवीस हजार सातशे दर महिन्याला बँकेत टाका. तीन वर्षांत किती?"

"साडेआठ लाख." हे दिंडोरीचे बाबा म्हणाले. सगळी गर्दी हिशेबाला लागली होती.

"पण तोवर घरांचे भाव वाढले तर?" सुजाता अजून सोडत नव्हती.

"वाढतील! तेही धर. पण तेव्हा तुझ्या हातात साडेआठ लाख जास्त असतील, कर्ज तेवढं कमी, आणि ज्यात तुझा पलंग मावतो असं घर बघशील. घर घेऊ नको असं मी म्हटलंच नाही, बाळा. हे घर, ह्या भावाला, सहाच्या आत घेऊ नको, एवढंच."

सुजाता त्या आखूड पलंगाकडे वळली. सेल्सवाल्याने घड्याळाकडे पाहिलं. तिने पर्स उघडली, चेक काढला, आणि मधोमध फाडला. त्या आवाजावर टाळ्या पडल्या. इतक्या पडल्या, की खड्ड्यातले मजूर वर येऊन विचारू लागले, उद्घाटन झालं का?

इथपर्यंत वाचून तुम्ही मावशींना देवी ठरवाल, म्हणून पुढचं सांगणं भाग आहे. आमचा अकरा महिन्यांचा करार संपत आला होता. पंधरा दिवसांत मावशी जिना चढून वर आल्या, चहा घेतला, आणि म्हणाल्या, "भाडं तेरा हजार."

मी उडालोच. "मावशी! दोन हजारांनी?"

"दर महिना बँकेपेक्षा सतरा हजार कमी देताय. त्यातले दोन मागते, पंधरा तुमचे. असा धंदा कोण करतो, सांगा?"

मी मान डोलावली. लासलगावच्या कांद्यापासून मला ती सवयच लागली होती. पण सुजाता ओट्यापाशी उभी होती. तिने गॅस बारीक केला आणि वळली. म्हसरूळला पाहिला होता तसाच तिचा चेहरा लाल झाला होता.

"मावशी, आम्ही सोडून गेलो तर नवीन भाडेकरू मिळायला किती दिवस लागतील?"

मावशींचा कप हवेत थांबला. "दोन महिने तरी. नीट माणसं मिळायला हवीत."

"बावीस हजार बुडाले. एजंटला एक भाडं, जुन्या दरानेच धरा. अकरा. तेहतीस झाले. आणि तुमची वाढ वर्षाला फार तर चोवीस. म्हणजे आम्हाला घालवलंत तर तेरा हजार देणारा मिळाला तरी पहिल्या वर्षी तुम्ही निदान नऊ हजारांनी खाली."

ओट्यावर आमटी रटरटत होती. मावशींनी कप खाली ठेवला. डोळे मिटले. ओठ हलले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ताळा करून पाहिला.

आणि मग त्या उठल्या, आणि गच्चीकडे अशा धावल्या की अंबाडा मागून आला.

"अगं बायांनो, बाहेर या! माझ्या भाडेकरणीने मला हरवलं!"

गल्लीतल्या खिडक्या धडाधड उघडल्या. कुणी लाटणं घेऊन, कुणी तोंडात ब्रश घेऊन, सगळी हिरावाडी फाटकापाशी गोळा झाली. मावशींनी सुजाताला दंडाला धरून कठड्यापाशी आणलं. "सांग. पुन्हा सांग. मोठ्याने. ह्यांना ऐकू दे."

सुजाता आधी लाजली, मग सांगू लागली. रिकाम्या घराचे बावीस. एजंटचे अकरा. वाढीचे चोवीस वजा. "म्हणजे मावशी नऊ हजारांनी..."

"थांब, थांब!" मावशींनी कपाळावर हात मारला. आनंदाने त्यांचा आवाज चिरकला होता. "अगं वेडे, रंग विसरलीस! भाडेकरू बदलला की रंग द्यावा लागतो! सोळा हजार! तेही माझ्याच डोक्यावर घाल! घाल, घाल! आता सांग सगळ्यांना, मी किती खाली?"